छापखान्यातल्या फायलींना कुलूप लागलं तेव्हा: मालवेअरचे, म्हणजे नुकसान करायला बनवलेल्या प्रोग्रामांचे, प्रकार समजून घेण्यासाठी एक प्रकरण

पार्श्वभूमी

निपाणी तालुक्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात हा छापखाना आहे. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे बारीक तपशीलही बदलले आहेत. मालकांना गावात सगळे अण्णा म्हणतात, म्हणून इथेही अण्णाच.

पुढच्या खोलीत एक ऑफसेट मशीन, आतल्या खोलीत डीटीपीचे दोन कॉम्प्युटर. काम मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतलं. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, शाळांचे फॉर्म आणि पावसाळा संपत आला की सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. टायपिंगची सॉफ्टवेअर दोन, मराठी मजकूर श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत. पानांची मांडणी सगळी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. टायपिंगला एक अक्का आहेत, त्यांचा हात दोन्ही भाषांत सारखाच चालतो. अण्णांचा भाचा कॉलेज सांभाळून डिझाइन करतो. माझा कॉम्प्युटर दुरुस्तीचा व्यवसाय असल्यामुळे या दुकानात माझं पूर्वीपासून येणंजाणं.

ऑगस्ट 2019 चा पूर या भागात कोणी विसरलेलं नाही. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. छापखान्यात नदीचं पाणी आलं नाही, पण गटार तुंबून गुडघाभर साचलं आणि जमिनीवर ठेवलेला मुख्य कॉम्प्युटर गेला. कपाटावरची एक्स्टर्नल हार्ड डिस्क वाचली, तिच्यात सगळ्या जुन्या कामांची प्रत होती. रस्ता सुरू झाल्यावर अण्णांनी कोल्हापूरहून सेकंड-हँड मशीन आणलं. डिस्कवरच्या फायली त्यात उतरवल्या. डिस्क मात्र केबलला तशीच राहिली, कारण रोज काही ना काही तिच्यातून काढावं लागत होतं.

गणपती 2 सप्टेंबरला होते. पावतीपुस्तकं अर्धी छापून झालेली, दोन सोसायट्यांचे अहवाल प्रुफाच्या टप्प्यावर.

काय घडलं

नव्या मशीनमध्ये कोरलड्रॉ नव्हतं. भाच्यानं रात्री इंटरनेटवर शोधून ‘क्रॅक’ केलेली, म्हणजे परवान्याशिवाय चालावी म्हणून फोडलेली, प्रत उतरवली. ती एका झिप फायलीत होती आणि झिपला पासवर्ड होता. पासवर्ड त्याच पानावर लिहिलेला, खाली सूचना: आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर क्रॅक चालणार नाही.

झिपला पासवर्ड असण्याचं कारण समजून घ्यायला हवं. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत काय आहे ते अँटिव्हायरसला बाहेरून तपासता येत नाही. फाईल उघडल्यावर त्याला संधी मिळाली असती, पण तोवर तो बंद केलेला होता. दोन्ही पहारे वापरणाऱ्याच्याच हातानं उठवून घेतले गेले.

भाच्यानं फाईल चालवली, कोरल काही उघडलं नाही. थोड्या वेळानं विंडोज अपडेटची खिडकी आली आणि टक्केवारी वर चढू लागली. ‘‘मामा, अपडेट पडालंय, हात लावू नका,’’ असं सांगून तो जेवायला गेला. ती खिडकी खोटी होती. डिस्क एवढी का खडखडतेय असं कोणाला वाटू नये म्हणून हा प्रोग्राम ती दाखवतो. तिच्या आडून फायलींना एकेक करून कुलूप लागत होतं.

सकाळी अक्कांनी अहवालाची फाईल उघडायला घेतली. कोरलच्या फायलीच्या नावाशेवटी सीडीआर असतं, त्याच्या पुढे एक अनोळखी शेपूट लागलेलं. प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाईल: तुमच्या फायली आम्ही बंद केल्या आहेत, किल्लीचे 980 डॉलर, 72 तासांत संपर्क केलात तर 490. नमुना म्हणून एक फाईल फुकट उघडून देऊ. केबलला लावलेल्या डिस्कवरही हेच. अण्णांचा फोन आला, ‘‘सर, फायली उघडंनात. व्हायरस आलाय म्हणायलाय पोरगा. जरा येऊन बघा की.’’

नेमकं काय आलं होतं

आमच्याकडे कॉम्प्युटर अडला की ‘व्हायरस’ म्हणायचं आणि उपाय एकच, फॉरमॅट. या प्रकरणात तो उपाय झाला असता तर काय गेलं असतं ते पुढे येईलच. त्याआधी आत काय काय होतं ते वेगवेगळं करून पाहू, कारण प्रत्येकाचं वागणं वेगळं आणि म्हणून त्यावरची पहिली कृतीही वेगळी.

पहिला होता ट्रोजन. कोरलच्या नावानं आलेली फाईल. ती स्वतःहून कुठे पसरत नाही. कोणीतरी आपल्या हातानं चालवावी लागते, म्हणून ती हव्याहव्याशा वस्तूच्या वेषात येते. तिचं काम एवढंच की आत शिरायचं आणि बाकीच्यांना बोलवायचं.

दुसरा रॅन्समवेअर, म्हणजे कुलूप लावून खंडणी मागणारा. हा स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाच्या कुळातला होता. हे कुळ त्या काळात घरगुती आणि छोट्या दुकानांच्या कॉम्प्युटरवर क्रॅक सॉफ्टवेअरमधूनच मोठ्या प्रमाणावर पसरत होतं. तो प्रत्येक फायलीचे सुरुवातीचे सुमारे 150 केबी तेवढे एन्क्रिप्ट करतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे करून टाकतो. फाईल निकामी व्हायला तेवढं पुरतं आणि काम झटपट उरकतं. विंडोज आपल्या बाजूनं जुन्या आवृत्त्या जपून ठेवत असतं, त्याही तो पुसून टाकतो.

तिसरा कोणाच्याच लक्षात आला नव्हता, कारण त्यानं काहीच बिघडवलं नव्हतं. या कुळासोबत त्या वर्षी अ‍ॅझोरल्ट नावाचा माहितीचोर आणला जात होता. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज, म्हणजे आपण आधीच लॉग-इन आहोत हे वेबसाइटला सांगणाऱ्या खुणा, गोळा करून बाहेर पाठवतो. काम संपलं की मागे काही दिसत नाही. एखाद्या घरफोडीत एकानं कडी काढावी, एकानं कपाटातलं उचलावं आणि एकानं जाताना बाहेरून कुलूप ठोकावं, अशी ही वाटणी. घरमालक कुलपाकडेच बघत बसतो.

मी माझ्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस कंपन्यांची पानं पाहत होतो, दुकानाच्या मशीनवर तीच पानं उघडत नव्हती. विंडोजची होस्ट्स फाईल नोटपॅडमध्ये उघडली. कुठल्या वेबसाइटसाठी कुठल्या पत्त्यावर जायचं हे विंडोज आधी या फायलीत पाहतं. एरवी तिच्यात नुसत्या टिपणीच्या ओळी असतात. इथे खाली खाली सरकावं तशी सुरक्षेच्या वेबसाइटांची नावं, प्रत्येकाच्या आधी 127.0.0.1. या पत्त्याचा अर्थ ‘हेच मशीन’. त्यामुळे मदत शोधायला निघालेला माणूस दरवेळी आपल्याच दारात येऊन थांबत होता.

चौथा प्रकार दुकानात आधीपासून नांदत होता: पेन ड्राइव्हवरचा शॉर्टकटवाला वर्म, म्हणजे स्वतःच स्वतःच्या प्रती पसरवणारा प्रोग्राम. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येतं, फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात. मूळ फोल्डर लपवलेले असतात, शॉर्टकट दाबला की फोल्डरही उघडतो आणि मागून वर्मही चालतो. मग तो त्या मशीनला लावलेल्या पुढच्या प्रत्येक ड्राइव्हवर जातो. ‘‘ते तर नेहमीचंच,’’ असं अक्का म्हणाल्या. खरंय, झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत ते नेहमीचंच होऊन बसलं आहे.

वर्म आणि ट्रोजन यांतला हा फरक त्या दिवशी फार कामाचा ठरला. मे 2017 मधला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर असूनही वर्मसारखा नेटवर्कवरून आपसूक एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला. विंडोजमधली ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी घेतलं नाही ते सापडले. आमच्या प्रकरणातला असा स्वतःहून पसरणारा नव्हता. अहवालाचं काम देणाऱ्या सोसायट्यांचे सेक्रेटरी घाबरून विचारत होते की आमच्या कॉम्प्युटरला लागण झाली का. पीडीएफ मेलनं गेली म्हणून झाली नाही, हे त्यांना छातीठोकपणे सांगता आलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय हातघाईचा होता. बाजारातला एक मेकॅनिक आधीच येऊन बसला होता, त्याच्या हातात विंडोजची पेन ड्राइव्ह. ‘‘तासाभरात फॉरमॅट मारून देतो.’’ अण्णांचा कल तिकडेच होता. छपाई थांबली होती, मंडळाची पोरं दारात उभी. फॉरमॅट करून मशीन चालू झालं असतं हे खरं. पण कुलूपबंद फायलींसोबत त्या किल्लीची ओळख सांगणारा आयडीही पुसला गेला असता. आज उघडत नाही ती फाईल उद्याही उघडणार नाही असं गृहीत धरणं हीच या निर्णयातली चूक. मी अण्णांना एकच विनंती केली, हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा, दुसरी घाला, मग त्या दुसरीवर काय करायचं ते करा.

दुसरा, पैसे भरणं. 490 डॉलर म्हणजे त्या वेळचे 35 हजारांच्या आसपास. पुरात बसलेल्या फटक्यापुढे ती रक्कम अशक्य नव्हती, आणि घड्याळ लावून दिलेली सवलत माणसाला विचार करू देत नाही. ती ठेवलेलीच त्यासाठी. अण्णांच्या पुण्यातल्या नातेवाइकाचं मत, भरून मोकळे व्हा. विरोधात दोन गोष्टी होत्या. किल्ली मिळेलच याची हमी देणारा समोर चोर, आणि पैसे भरल्यानं गेलेले पासवर्ड परत येत नाहीत. अण्णांनी कागद घेऊन बसून प्रत्येक कामापुढे लिहिलं, ही फाईल नसली तर काय अडतं. बहुतेक ओळींपुढे ‘परत टाइप करता येतं’ असंच आलं. फक्त जुन्या लग्नपत्रिकांचे नमुने आणि त्यांच्या वडिलांच्या काळातल्या ब्लॉकांचे, म्हणजे छपाईच्या ठशांचे, स्कॅन यांच्यापुढे काही लिहिता आलं नाही. त्या कागदामुळे निर्णय झाला असं मला वाटतं. 35 हजारांचा प्रश्न ‘सगळं गेलं’ या भीतीतून सुटून दोन फोल्डरांपुरता उरला.

तिसरा पर्याय ‘शंभर टक्के डेटा रिकव्हरी’वाल्यांचा. अशांतले काही जण परस्पर चोरांशीच सौदा करतात आणि वर आपली फी लावतात. तंत्र काय वापरणार असं विचारल्यावर उत्तर आलं नाही, तिथे तो विषय संपला.

चौथा, थांबणं. फुकट उघडणारी साधनं आहेत का ते पाहणं. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केलेलं ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ त्यासाठी आहे. कुळ ओळखता आलं म्हणूनच शोधता आलं. त्या वेळी उपलब्ध साधन एका विशिष्ट स्थितीतच चालत होतं. हा रॅन्समवेअर आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचला तर प्रत्येक मशीनसाठी वेगळी किल्ली आणतो, नाही पोहोचला तर स्वतःत भरलेली ठरावीक किल्ली वापरतो. ठरावीक किल्लीचे बळी सुटू शकत होते. आमच्या मशीनला त्या रात्री इंटरनेट व्यवस्थित होतं, म्हणजे ते साधन आमच्या कामाचं नव्हतं. नवं साधन येईपर्यंत वाट पाहणं एवढंच उरलं.

काय केलं

दोन्ही मशीनची नेटवर्क केबल काढली. हे कुळ ठरण्याआधीच केलं आणि ते बरोबरच होतं. पसरणारा आहे की नाही हे कळेपर्यंत तोडून ठेवणं स्वस्त पडतं. जुनी हार्ड डिस्क आणि एक्स्टर्नल डिस्क पिशवीत घालून वर तारीख, शेपटाची अक्षरं आणि आयडी लिहून ठेवला. खंडणीच्या चिठ्ठीची प्रत काढली.

गणपतीचं काम वाचलं ते व्हॉट्सअ‍ॅपमुळे. अक्कांची सवय अशी की प्रत्येक प्रूफ गिऱ्हाइकाला पीडीएफ करून पाठवायचं. मंडळांच्या खजिनदारांच्या फोनवर ती सगळी पडून होती. सोसायट्यांचे अहवाल मेलच्या सेंटमध्ये. पीडीएफ कोरलमध्ये उघडून मांडणी परत मिळाली, फॉन्ट बसवायला अक्कांनी दोन दिवस मान वर केली नाही.

त्या अहवालांत सभासदांची नावं आणि कर्जाच्या याद्या होत्या. ही माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता सोसायट्यांना सांगायची का, यावर दुकानात वाद झाला. आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून मालवेअरच्या मदतीनं 94 कोटी रुपये काढले गेले होते आणि इकडच्या प्रत्येक सोसायटीत ती बातमी चर्चेला होती. सांगितलं तर गिऱ्हाईक तुटेल अशी भाच्याची धास्ती. अण्णा स्वतः गेले आणि सांगून आले. एक सेक्रेटरी खूप चिडले. काम मात्र काढून घेतलं नाही.

पोलिसांकडे जायला अण्णा कचरत होते. चोरीचं सॉफ्टवेअर उतरवताना हे झालं, आपल्यावरच उलटलं तर? शेवटी भाच्यानं कन्नडमध्ये अर्ज लिहिला आणि सीईएन ठाण्यात, म्हणजे सायबर, आर्थिक गुन्हे आणि अमली पदार्थ हे विषय पाहणाऱ्या ठाण्यात, दिला. पैसे गेले नसल्यामुळे गोठवायला खातं नव्हतं, तपास पुढे सरकला नाही. तरी नोंद झाली, आणि पुढे फेसबुकच्या भानगडीत तीच पोच उपयोगी पडली.

ती भानगड अशी. माहितीचोराबद्दल बोलणं झालं त्याच दुपारी भाच्यानं आपल्या फोनवरून मेल, बँक आणि फेसबुक सगळ्यांचे पासवर्ड बदलले. फोन वेगळं उपकरण, त्यामुळे तेवढं ठीक. पण फेसबुकमध्ये बाकीच्या ठिकाणांवरून लॉग-आउट करायचा पर्याय त्यानं निवडला नाही. चोरीला गेलेली कुकी म्हणजे आधीच उघडलेलं दार, पासवर्ड बदलला तरी ते आपोआप बंद होईलच असं नाही. दहा-बारा दिवसांनी छापखान्याच्या पानावरून परदेशी चष्म्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. पान परत मिळवायला पोलिसांत दिलेल्या अर्जाची तारीख आणि पोच जोडावी लागली.

निष्पत्ती

18 ऑक्टोबर 2019 ला एम्सिसॉफ्ट या कंपनीनं मायकेल गिलेस्पी या संशोधकासोबत या कुळाच्या 148 प्रकारांसाठी फुकट साधन प्रसिद्ध केलं. आमच्या शेपटाचं नाव त्या यादीत होतं. त्यांनी किल्ली चोरली नव्हती. या कुळाच्या जुन्या प्रकारांमध्ये एन्क्रिप्शन करताना एक कमजोरी राहिली होती. एकाच फायलीची चांगली आणि कुलूपबंद अशी जोडी दिली, की तशाच इतर फायलीही, म्हणजे पीडीएफच्या जोडीनं पीडीएफ, उघडता येत होत्या. अट अशी की फाईल 150 केबीपेक्षा मोठी हवी आणि फायलीच्या प्रत्येक प्रकारासाठी जोडी वेगळी हवी.

मग दुकानात जोड्यांचा शोध सुरू झाला. पीडीएफची मेलमधून लगेच मिळाली. सीडीआर कोणी गिऱ्हाइकाला पाठवत नाही, ती अडली. अक्कांना आठवलं की फ्लेक्ससाठी एका मोठ्या फायलीची सीडीआरच कोल्हापूरच्या फ्लेक्सवाल्याला दिली होती. त्याच्याकडे ती होती. जेपीजीचं वेगळंच दुखणं. या पद्धतीत फायलीचे अगदी सुरुवातीचे काही बाइट जुळावे लागतात आणि ते कॅमेऱ्यागणिक, स्कॅनरगणिक बदलतात. स्कॅनरच्या एका चित्राची मूळ प्रत सापडली, वडिलांच्या ब्लॉकांचे स्कॅन उघडले. काही गिऱ्हाइकांच्या मोबाइलवरून आलेले फोटो आजही बंदच आहेत.

नशिबाचा भाग इथे आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून या टोळीनं पद्धत बदलली, ती कमजोरी बुजवली. छापखान्यावरचा प्रसंग आठवडा-दोन आठवडे उशिरा घडता तर जोड्या असूनही काही उघडलं नसतं. पण नशीब उपयोगी पडायलाही त्या डिस्क जागेवर असाव्या लागल्या.

वेगळं काय करता आलं असतं

अपडेटच्या खिडकीपाशी मी सर्वात जास्त थांबतो. क्रॅक चालवला, कोरल उघडलं नाही, आणि लगेच अपडेट सुरू झालं. डिस्कचा दिवा सतत जळत होता. त्या क्षणी वीज काढली असती तर बऱ्याच फायली वाचल्या असत्या. एरवी अपडेट चालू असताना मशीन बंद करू नये हे शिकवलं जातं, आणि ते योग्यच आहे. म्हणून भाच्याला दोष देता येत नाही. ज्यांना शिकवतो त्यांना मी आता हा एक अपवाद सांगतो: अनोळखी फाईल नुकतीच चालवली असेल आणि पाठोपाठ अपडेटची खिडकी आली, तर प्लग ओढा. अपडेट खरं निघालं तर विंडोज परत टाकता येतं.

दुसरी जागा एक्स्टर्नल डिस्कची. पुरातून तीच वाचली होती, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा भरवसा बसला. कपाटावर होती तोवर ती बॅकअप होती. केबलला लागली तेव्हापासून ती त्याच मशीनचा आणखी एक कप्पा झाली. पाण्यापासून वाचवणारी आणि रॅन्समवेअरपासून वाचवणारी प्रत एकच असू शकते, अट एवढीच की ती सुटी असावी.

मूळ दार क्रॅकचं, यात शंका नाही. पण ‘चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नका’ एवढं सांगून छोट्या डीटीपीवाल्याचा प्रश्न सुटत नाही. लग्नसराईतली कमाई वर्षभर पुरवणाऱ्याला परवान्याची रक्कम एकदम जड जाते. अण्णांनी नंतर एका मशीनपुरता परवाना घेतला आणि दुसऱ्यावर इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर बसवलं. युनिकोडचं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या नव्या पद्धतीच्या टायपिंगचं, काम तिथे होतं, श्रीलिपीतलं जुनं काम परवान्याच्या मशीनवर.

आणि पैसे प्रत्यक्ष गेले असते तर? 2019 मध्ये 1930 ही हेल्पलाइन नव्हती. आज आहे, आणि आर्थिक फसवणुकीत तिथे लवकरात लवकर फोन करणं हीच पहिली कृती, दुकानातला मेकॅनिक त्यानंतर.

छापखान्यात आता दोन एक्स्टर्नल डिस्क आहेत. दर शनिवारी बाजार उठल्यावर अक्का एक जोडतात, कॉपी संपली की काढून अण्णांच्या घरी पाठवतात, पुढच्या शनिवारी दुसरी. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली टाकलेल्या एका जुन्या मशीनवर आधी उघडले जातात, तिथे शॉर्टकटवाला वर्म चालतच नाही आणि लपवलेले फोल्डर उघड दिसतात. न उघडलेल्या जेपीजींचा फोल्डर शेपटाच्या नावासकट दोन्ही डिस्कवर ठेवला आहे.